सोळा वर्षांआधीचे सोळा महिने

सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांपासून दूर ठेवणारा कायदा गोव्यात आणता येईल का, याचा विचार चालू असल्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी जानेवारी २०२६ मध्ये सांगितले. ऑस्ट्रेलियाने असा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू केला, त्याचाच हा पडसाद. कल्पना वाईट नाही. हायस्कूलमधल्या कुठल्याही शिक्षकाशी पाच मिनिटे बोलले, तरी असे काहीतरी हवे असे वाटू लागते. कायदा टिकेल का, केंद्राच्या अखत्यारीत राज्याला किती मोकळीक मिळेल, हे वकिलांनी बघावे.

पण या चर्चेत ज्याचे नावही निघत नाही, तो जेमतेम सोळा महिन्यांचा आहे. त्याचे कुठेही खाते नाही आणि मोबाइलही त्याचा नाही. तो बघतो तो आईचा, आजोबांचा, नाहीतर सुट्टीवर आलेल्या मामाचा. वय तपासणारी यंत्रणा कितीही हुशार केली, तरी तिच्या लेखी पडद्यासमोर पस्तीस वर्षांची बाई बसलेली असते. दहावीतल्या मुलापर्यंत कायदा निदान अडखळत पोचेल. या पोराकडे जायची त्याला वाटच नाही.

म्हणून मग हा विषय ‘पालकांच्या शिस्तीचा’ म्हणून सोडून दिला जातो. व्याख्यान ठेवायचे, एका डॉक्टरला बोलवायचे, समोर बसलेल्या आयांना दोन शब्द सुनवायचे आणि चहा घेऊन घरी जायचे. मला हे मुळातच चुकीचे वाटते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातातला मोबाइल हा बहुतेक घरांत राखणीचा प्रश्न आहे. मूल बघायला माणूस नाही, आणि त्यावर लोकांनी आपल्या ऐपतीत बसणारी तोड काढली आहे. ती वाईट आहे, हे मान्य. पण दुसरी तोड आपण त्यांना दिली आहे का, हे कोणी विचारत नाही.

आधी तज्ज्ञ काय म्हणतात ते सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना काढल्या. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडदा नकोच, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास हाच आहे. स्वीडननेही २०२४ मध्ये दोन वर्षांखाली पडदा नको असेच सांगितले. गंमत अशी की, आरोग्य संघटनेच्या त्याच कागदात एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला किमान तीन तास हालते-फिरते राहावे, असेही लिहिले आहे. तो ‘एक तास’ सगळ्यांच्या तोंडी आहे, हे ‘तीन तास’ कोणाच्या गावीही नाहीत. कारण उघड आहे. एक तास पाळला की नाही, हे आईला विचारता येते. तीन तास फिरायला जागा कुठे आहे, हे पंचायतीला किंवा पालिकेला विचारावे लागेल.

तासांच्या या हिशेबावर माझी फारशी श्रद्धा नाही, कारण कोणता तास, हे तो सांगत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ मधला एक प्रयोग यासाठी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे घेतली. काहींसमोर चिनी भाषा बोलणारी माणसे बसली, पुस्तके वाचून दाखवली, खेळणी हलवली. काहींना तीच माणसे, तीच पुस्तके, तेच बोलणे पडद्यावर दाखवले. समोर माणूस असलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यासमोर बसलेल्यांना काहीही आले नाही. ती बघत नव्हती असे नाही. बघत होती, शिकत नव्हती.

याच्या जोडीला २०१४ मधला दुसरा एक प्रयोग ठेवला की चित्र पुरे होते. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकवायचे होते. ध्वनिमुद्रित चित्रफितीतून ती शिकली नाहीत. व्हिडिओ कॉलवर मात्र, पलीकडचा माणूस त्यांचे ऐकून त्यांना उत्तर देत असल्याने, ती समोरासमोर बसल्यासारखीच शिकली. म्हणजे काच हा दोषी नाही. पलीकडून उत्तर येते की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

गोव्यात याचा अर्थ फार जवळचा आहे. इथे कित्येक घरांत ‘बाबा बोटीवर असतात’ किंवा ‘बाबा आखातात असतात’ हे अगदी साधे उत्तर आहे. आठ-नऊ महिने घरी नसलेला बाप रात्री कॉल करतो, पोरगी त्याला नवा दात दाखवते, तो हसतो, ती पुन्हा दाखवते. हे बघून एखादी शहाणी शेजारीण ‘एवढ्याशा मुलीला मोबाइल?’ म्हणाली तर तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. बालरोगतज्ज्ञांनीही नातेवाइकांशी होणारा असा कॉल मनाईतून वगळला आहे. तेवढाच वेळ तीच पोरगी रंगीत फुगे आणि नाचणारी फळे बघत बसली, तर ती गोष्ट वेगळी. घड्याळात दोन्ही दहा मिनिटेच.

भाषेच्या अंगाने तर हा प्रश्न आपल्याला कधीच दिसायला हवा होता. प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून २०११ मध्ये या राज्यात केवढे रण पेटले, हे विसरण्याइतके जुने झालेले नाही. इंग्रजी शाळांना अनुदान द्यायचे की नाही यावर मोर्चे निघाले, घराघरांत भांडणे झाली, पुढे राजकारणही उलटेपालटे झाले. मराठीवाले आणि कोंकणीवाले एरवी एकमेकांशी जमवून घेत नाहीत, तेही एका मंचावर आले. मी त्या आंदोलनाची थट्टा करत नाही; मुलाने आपल्या भाषेत शिकावे हे म्हणणे खरेच होते. पण ते सारे सहाव्या वर्षी सुरू होणाऱ्या शाळेबद्दल होते. आज घरात आजी कोंकणीत बोलते, आई-बाबा मराठीत, आणि दोन वर्षांचे पोर हिंदी कार्टूनमधली वाक्ये जशीच्या तशी फेकते. पाहुण्यांना त्याचे भारी कौतुक. शाळेचे माध्यम ठरायच्या आधी चार वर्षे घरातल्या माध्यमाचा निकाल लागलेला असतो आणि त्यावर एकही मोर्चा निघत नाही. बरे, ते मूल हिंदी शिकले असते तरी माझी तक्रार नव्हती. चार भाषा कानावर पडणे ही गोव्यातल्या मुलाची जन्मजात कमाई आहे. पण पाठ वाक्य फेकणे म्हणजे बोलणे नव्हे. ‘तुला भूक लागली का?’ असे त्याला विचारा, ते दुसरेच एखादे वाक्य फेकेल.

नुकसान पडद्यावर जे दिसते त्याने होते, असे आपण धरून चालतो. त्याहून मोठे नुकसान घरात जी शांतता पसरते तिचे असावे. ऑस्ट्रेलियात २२० कुटुंबांतल्या लहान मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रे लावून केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या वयात पडद्याच्या दर जादा मिनिटामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे साडेसहाने कमी झालेले आढळले. मुलाचे स्वतःचे बोलणे आणि दोघांतला संवादही त्याबरोबर घटला. असे अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाहीत, एवढे प्रामाणिकपणे सांगायला हवे. जिथे मुळातच बोलणारे कोणी नाही तिथे मोबाइल जास्त दिला जात असेल, असेही असू शकते. पण माझ्या युक्तिवादाला तीही शक्यता पोषकच आहे. माणूस नसला की पडदा येतो.

यात दिवाणखान्यातला टीव्ही सहसा सुटतो. संध्याकाळी सातपासून मालिका चालू, मूल तिथेच खाली खेळत असते, ‘ते कुठे बघते?’ असे घरातले म्हणतात. ते बघत नसेलही. पण मोठी माणसे बघत असतात, आणि तेवढा वेळ त्याच्याशी कोणी बोलत नाही. मोबाइलबद्दल सुनेला ऐकवणाऱ्या सासूने या बाजूचाही जरा विचार करावा.

जेवणाचे तेच. पेजेची वाटी, समोर मोबाइल, तोंड उघडते, चमचा आत जातो. पोट भरल्याचे कळायची मुलाची स्वतःची जाण असते, तिला इथे वावच राहत नाही. रडणे थांबवण्यासाठी मोबाइल देणे तर त्याहून अवघड प्रकरण. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या ४२२ मुलांवर केलेला अभ्यास २०२२ च्या अखेरीस आला. शांत करण्यासाठी वारंवार यंत्र दिलेल्या मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, पुढच्या महिन्यांत भावनांचा भडका वाढलेला दिसला. रडण्यातून स्वतःच बाहेर यायचा सराव त्यांना मिळालाच नाही, असा त्याचा साधा अर्थ लावता येतो.

इथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. हल्ली ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द समाजमाध्यमांवर फार फिरतो. वैद्यकशास्त्राने मान्य केलेले हे निदान नाही. मोबाइल बघून मूल स्वमग्न होते असे सिद्ध झालेले नाही. पण या शब्दाने दोन अनर्थ होतात. खरोखरच स्वमग्न असलेल्या मुलाच्या आईला ‘तूच मोबाइल दिलास’ म्हणून आयुष्यभराचा डाग लावला जातो. आणि दोन वर्षांचे मूल बोलत नाही, हाकेला वळून बघत नाही, तरी घरचे ‘मोबाइल बंद केला की होईल ठीक’ म्हणत वर्ष घालवतात. त्या वर्षाची किंमत मोठी असते. मोबाइल जरूर बंद करा, पण त्याच आठवड्यात कान तपासून घ्या आणि डॉक्टरला दाखवा. विकासातला विलंब लवकर ओळखण्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, सरकारी आरोग्य केंद्रात त्याची विचारणा करता येते.

आता राखणीकडे येतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या नागरी होती, म्हणजे राज्यांमध्ये आपण सर्वांत पुढे. पर्वरी, फोंडा, मडगाव, वास्को इथल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या जोडप्याला ना अंगण आहे ना सोपा, आणि शेजारचे दार दिवसभर बंद. आई वेर्ण्याच्या औषध कारखान्यात, बाबा किनाऱ्यावरच्या हॉटेलात. दोघांच्याही पाळ्या. ‘पूर्वी आजी सांभाळायची’ असे म्हणताना ती आजी पन्नाशीची होती, घरात तिच्या हाताखाली दोन जावा होत्या आणि वाड्यावरची दहा पोरे मिळून एकमेकांना सांभाळत होती, हे आपण सांगत नाही. आजची आजी सत्तरीची आहे, तिचे गुडघे गेले आहेत, आणि दीड वर्षाचे मूल धावायला लागले की ती त्याला मोबाइल देऊन बसवते. तिला दोष देणारा माणूस त्या मुलामागे एक दुपार धावलेला नसतो.

कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे आहे, तीही संघटित नोकरीत. म्हणजे सहा महिने. अंगणवाडीतले पूर्वप्राथमिक शिक्षण सुरू होते तीन वर्षांनी. त्याआधी मुलाला पोषण आहार आणि लस मिळते, बसायला जागा मिळत नाही. मधली अडीच वर्षे रिकामी. आणि तज्ज्ञ ज्या वयात पडदा अजिबात नको म्हणतात, ते नेमके याच अडीच वर्षांत येते. सरकारचा एक हात म्हणतो मोबाइल देऊ नका, दुसरा हात खिशातच आहे.

तशी तरतूद कागदावर नाही असे नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे, असे मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ठरवले. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभाही दिली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आहे. गोव्यातल्या पंचतारांकित हॉटेलांनी, कॅसिनोंनी, औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांनी यातले किती केले, याची यादी सरकारने जाहीर करावी. सोळा वर्षांखालच्यांच्या बंदीपेक्षा हे फारच सोपे काम आहे, त्यासाठी ऑस्ट्रेलियाला जावे लागत नाही. पन्नासहून कमी माणसांच्या दुकानांत आणि खानावळींत राबणाऱ्या बायकांना मात्र या कायद्याचा उपयोग नाही, आणि अशा जागा आपल्याकडे चिक्कार. बांधकामावरच्या मजूर बायकांचे तर विचारूच नका; तिथे वाळूच्या ढिगाजवळ बसलेल्या पोराच्या हातातही आता फुटक्या काचेचा मोबाइल असतो. त्यांच्यासाठी केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. ती इथे गावोगाव दिसायला हवी.

आपल्या राज्याची यंत्रांवरची माया जुनी आहे. २००२ च्या सुमारास सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना संगणक वाटले गेले, पुढे पाचवी-सहावीच्या मुलांना टॅबलेट. त्या वेळी मलाही ते प्रगतीचेच लक्षण वाटले होते आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत आजही मी त्याला नावे ठेवणार नाही. मग २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, सांगे-सत्तरीची मुले रेंजसाठी डोंगर चढली आणि मोबाइल ही शिक्षणाची वस्तू आहे हे घरोघर ठसले. ते बालवाडीपर्यंत झिरपले. अजूनही साडेतीन वर्षांच्या मुलाचा ‘गृहपाठ’ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येतो, आई त्याचा व्हिडिओ काढते, तो गटावर टाकते, आणि मूल आपला व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसते. हे एका परिपत्रकाने बंद होईल. पूर्वप्राथमिक वर्गात पडदा नको आणि घरी पडद्यावर करायचे काम नको, एवढी दोन वाक्ये पुरेत.

दुसरे स्वस्त काम आरोग्य खात्याचे. गोव्यात मुले लसीला येतात. नवव्या महिन्यात येतात, पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान येतात. परिचारिकेने त्या वेळी ‘मोबाइल किती देता?’ असे विचारू नये. त्याला सगळे ‘थोडासाच’ म्हणतात. दिवसभर मूल कोणाजवळ असते, हे विचारावे. त्या एका उत्तरात बाकी सगळे कळते.

तिसरे मैदान. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवशी चाळीस मिनिटे जादा उघड्यावर नेले. तीन वर्षांनी त्या शाळांत नव्याने लांबचे धूसर दिसू लागलेल्या (मायोपिया झालेल्या) मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के होते, इतर शाळांत ३९.५. आपल्याकडे पालिकेची उद्याने सकाळी चालणाऱ्या काकांसाठी उघडतात आणि लहान मुलाला घेऊन आई पोचेपर्यंत कुलूप. पावसाळ्याचे चार महिने तर विचारच नाही. देवळांच्या सभामंडपांत, पंचायतीच्या सभागृहांत दुपारी दोन तास लहान मुलांना धावू द्यायला काय खर्च येतो? सतरंजीसुद्धा नको.

घरात करायचे ते मी थोडक्यात सांगेन, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. दोन वर्षांवरच्या मुलाला काही दाखवायचेच असेल तर हातातल्या मोबाइलपेक्षा भिंतीवरचा टीव्ही मला बरा वाटतो. काय चालले आहे ते सगळ्यांना दिसते, त्यावर बोलता येते. पण त्यावरही यूट्यूब लावला तर एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते; ती सोय आधी बंद करा. मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याबद्दल याच कंपनीला आणि तिच्या मालक गूगलला अमेरिकेत २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर भरावे लागले होते, तेव्हा तिच्या सद्‌भावनेवर विसंबू नये. जेवताना आणि झोपायच्या आधी पडदा नको. आणि आजारी मुलाला घेऊन बसमधून जाताना दहा मिनिटे दिला, तर त्याचे प्रायश्चित्त घेत बसू नका.

‘पाळणाघरांना पैसा कुठून आणायचा?’ असा प्रश्न येईलच. टॅबलेटना आला तिथून, हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. पैशाहून अवघड आहे ती वेळ. नऊ ते पाच चालणारे पाळणाघर सचिवालयातल्या कारकुनाच्या कामाचे. कळंगुटच्या हॉटेलात रात्री अकराला सुटणाऱ्या बाईच्या काय कामाचे? किनारपट्टीवर ते दुपारी उघडून मध्यरात्रीपर्यंत चालवावे लागेल, तिथे दोन पाळ्यांत बायका नेमाव्या लागतील, त्यांना मानधनाऐवजी पगार द्यावा लागेल, आणि रात्री झोपलेल्या मुलाला उचलून घरी नेण्यासाठी वाहन लागेल. शाळेच्या मुलांना ने-आण करायला आपण बालरथ चालवतोच. पर्यटन खाते, कामगार खाते आणि महिला व बालविकास खाते यांनी एकत्र बसून एका तालुक्यात, समजा बार्देशात, एक मोसमभर हे करून बघावे. किती आया मुलांना तिथे आणतात ते ऑक्टोबर ते मे एवढ्यात कळेल.